ऐनवेळचे विषय इथे चालत नाहीत

२००७ साली इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजेच आयईटीएफ, या संस्थेने एक गट नेमला. काम डागडुजीचं होतं. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात हे सांगणारी एचटीटीपीची नियमावली १९९९ मध्ये कागदावर उतरली होती. त्या कागदात कुठे कुठे संदिग्धता आहे हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं आणि जो तो आपापल्या परीने अर्थ लावत होता. गटाने त्या जागा स्वच्छ करायच्या, एवढंच. त्याच्या चार्टरमध्ये, म्हणजे नेमणुकीच्या सनदेत, बजावून ठेवलं होतं की एचटीटीपीची नवी आवृत्ती आणायची नाही. मे २०१५ मध्ये याच गटाच्या हातून एचटीटीपी/२ बाहेर पडली.

मधल्या काळात कुणी नियम मोडला नाही की कुणाची नजर चुकवली नाही. चार्टर रीतसर बदलला गेला. हे रीतसर बदलणं बाहेरून पाहणाऱ्याला कारकुनी वाटतं. माझं मत वेगळं आहे. वेबच्या इतिहासातले बरेचसे खरे निर्णय या कारकुनीतच झाले आहेत. मानक मंजूर होतं त्या दिवसाची बातमी होते, पण तोवर ठरवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. एखादा विषय गटासमोर यावा की नाही, हे ज्या दिवशी ठरतं तोच निर्णायक दिवस.

आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत शेवटची ओळ ठरलेली असते: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. निम्मी भांडणं त्या एका ओळीतून निघतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम किंवा डब्ल्यूथ्रीसी ही टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली संस्था वेबची मानकं तयार करते. तिच्या कार्यगटांच्या चार्टरमध्ये अशी ओळ नसते. जे लिहिलं आहे तेवढंच करायचं. नवं काही करावंसं वाटलं तर आधी चार्टर बदलून घ्यायचा.

हा दस्तऐवज दिसायला अगदी रुक्ष असतो. सुरुवातीला गटाचं उद्दिष्ट आणि मुदत. मुदत साधारण दोन वर्षांची. मग व्याप्ती. तिच्याखाली बऱ्याचदा 'व्याप्तीबाहेर' असा वेगळा मथळा असतो आणि माझ्या मते आधी वाचावा तो हा, कारण गट नेमताना कोण कशाला घाबरत होतं ते तिथे कळतं. त्यानंतर गटाने काय काय तयार करून द्यायचं त्याची यादी. यादीतल्या प्रत्येक मानकापुढे त्याचा सध्याचा मसुदा कोणता, तो कधी पूर्ण होईल आणि पेटंटच्या हिशेबासाठी कोणता मसुदा धरायचा, हे नोंदलेलं असतं. मग यशाची कसोटी येते: प्रत्येक वैशिष्ट्याची किमान दोन स्वतंत्र अंमलबजावण्यांत चाचणी व्हायला हवी. एकट्या क्रोममध्ये चालतं म्हणून ते मानक होत नाही.

पेटंटचा उल्लेख त्या यादीत उगाच आलेला नाही. चार्टर इतका काटेकोर असण्याचं मुख्य कारण तेच आहे. ऑगस्ट २००१ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने पेटंट धोरणाचा एक मसुदा काढला होता. मानकात वापरलेल्या पेटंटवर 'वाजवी आणि भेदभावरहित' दराने पैसे घ्यायला त्यात मोकळीक होती. मुक्त सॉफ्टवेअरवाले खवळले. फुकट वाटल्या जाणाऱ्या ब्राउझरने परवान्याचे पैसे कुठून आणायचे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. बरीच हुज्जत होऊन शेवटी उलट धोरण ठरलं आणि फेब्रुवारी २००४ पासून ते या स्वरूपात लागू झालं: गटात बसणाऱ्या कंपनीने त्या गटाच्या मानकांसाठी लागणारी आपली पेटंटं कुठलंही शुल्क न घेता वापरू द्यायची.

पेटंट काय करू शकतं हे त्याच सुमारास दिसलं. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने इओलास या छोट्या कंपनीच्या बाजूने आणि मायक्रोसॉफ्टच्या विरोधात सुमारे ५२ कोटी डॉलरचा निकाल दिला. वाद होता वेबपानाच्या आत दुसरा प्रोग्रॅम चालवण्याच्या तंत्रावरचा, म्हणजे तेव्हाच्या जवळजवळ प्रत्येक ब्राउझरवरचा. इओलास कुठल्याच गटात बसलेली नव्हती, त्यामुळे डब्ल्यूथ्रीसीच्या धोरणाने ती बांधली गेली नसतीच. पण धाक बसायचा तो बसला.

आता कंपनीच्या वकिलाच्या नजरेने चार्टर वाचून पाहा. गटात सामील होणं म्हणजे आपल्या पेटंटांचा एक हिस्सा जगाला मोकळा करून देणं. केवढा हिस्सा? चार्टरमध्ये जेवढी व्याप्ती लिहिली आहे तेवढ्यातला. प्रत्येक नव्या मानकाचा पहिला जाहीर मसुदा निघाला की १५० दिवसांची खिडकी उघडते. त्या अवधीत अमुक पेटंट आम्ही या वचनातून वगळतो, असं कंपनी सांगू शकते. खिडकी बंद झाल्यावर गट सोडला तरी दिलेला शब्द मागे घेता येत नाही. अशा परिस्थितीत गटाच्या अध्यक्षाने चहा पिता पिता म्हटलं की चला, कॅमेऱ्याचंही बघून टाकू, तर वकील रात्री झोपणार नाही. म्हणून व्याप्ती वाढवायची तर सर्व सदस्यांचं मत घ्यावं लागतं, आणि चार्टरमध्ये खरोखरचा बदल झाला की सभासदांना नव्याने सामील होऊन तो शब्द पुन्हा द्यावा लागतो. नुसती मुदत वाढवायची असेल तर एवढा खटाटोप नसतो.

आयईटीएफमध्ये कंपन्यांना सदस्यत्वच नसतं. येईल तो आपापल्या नावावर येतो, रीतसर मतदानही नसतं. तरी चार्टरची शिस्त तिथे आहेच. २००९ च्या अखेरीस गूगलने स्पीडी नावाचा प्रोटोकॉल जाहीर केला होता. एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकाच वेळी पाठवायच्या, पाल्हाळीक हेडर दाबून छोटे करायचे, आणि पान लवकर उघडायचं. क्रोम गूगलचा आणि यूट्यूब, जीमेलचे सर्व्हरही गूगलचे, त्यामुळे कुणाला न विचारता तो रोजच्या वापरात आलादेखील. एचटीटीपीवरची डागडुजी करणाऱ्या गटापुढे मग दोन वाटा होत्या. बोट चार्टरवर ठेवून 'नवी आवृत्ती आमचा विषय नाही' म्हणायचं, आणि वेबचा निम्मा कारभार एका कंपनीच्या खासगी प्रोटोकॉलवर जाताना बघत बसायचं. नाहीतर चार्टर बदलायचा.

२०१२ मध्ये तो बदलला, आणि बदलला कसा तेही बघण्यासारखं आहे. स्पीडीलाच एचटीटीपी/२ म्हणा, असं त्यात लिहिलं नाही. नव्या आवृत्तीसाठी प्रस्ताव मागवले गेले. मायक्रोसॉफ्टने एक दिला, आणखीही एक आला. शेवटी सुरुवातीचा मसुदा म्हणून स्पीडीच घेतला गेला. पण एचटीटीपीच्या शब्दांचे अर्थ जुनेच राहिले पाहिजेत ही अट पक्की होती. मागणी करायला गेट, सापडलं नाही तर ४०४, हे सगळं जसंच्या तसं. बदलायची ती फक्त तारेवरून पाठवण्याची रीत. आज तुमची बँक, तुमचं वर्तमानपत्र, तुमचं रेल्वेचं आरक्षण एचटीटीपी/२ वर चालत असलं आणि त्यासाठी कुणालाही आपली वेबसाइट नव्याने लिहावी लागली नसली, तर त्याचं बरंचसं श्रेय त्या अटीला जातं. आणि जुनी डागडुजी? तीही पूर्ण झाली, जून २०१४ मध्ये. नव्या कामाच्या गडबडीत जुनं काम अर्धवट राहिलं नाही, हे अशा गटांच्या बाबतीत विरळाच.

नकार दिला तर काय होतं, हेही वेबने पाहिलेलं आहे. जून २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे डब्ल्यूथ्रीसीची कार्यशाळा झाली. मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की एचटीएमएल पुढे वाढवा, लोकांना त्यातच अर्ज भरता येऊ देत, ॲप चालवता येऊ देत. संस्थेला तेव्हा एक्सएमएलचं वेड होतं. एचटीएमएल ही जुनी, गबाळी गोष्ट, तिला सोडून नवी शिस्तशीर भाषा आणायची हा बेत होता. हात वर करून मत घेतलं गेलं: बाजूने ८, विरोधात १४. दोन दिवसांनी त्या आठांच्या बाजूच्या मंडळींनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी नावाचा आपला वेगळा गट जाहीर केला आणि जे काम चार्टरमध्ये बसलं नव्हतं ते बाहेर बसून सुरू केलं. डब्ल्यूथ्रीसीने २००७ मध्ये एचटीएमएलसाठी पुन्हा गट नेमला. शिस्तशीर भाषेच्या गटाची मुदत २००९ च्या अखेरीनंतर वाढवलीच नाही. आणि २०१९ च्या मे महिन्यात लेखी करार करून एचटीएमएलचा मूळ दस्तऐवज डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजीकडेच राहील हे मान्य केलं. चौदा मतांचा विजय पंधरा वर्षांनी पराभव ठरला. चार्टर गटाला रोखू शकतो, ब्राउझर बनवणाऱ्यांना नाही.

हा धडा संस्थेने मनावर घेतलेला दिसतो, कारण आजची वाट वेगळी आहे. २०११ पासून कम्युनिटी ग्रुप नावाची सोय आहे. पाच जण जमले की गट काढता येतो, सदस्यत्वाचे पैसे लागत नाहीत, कोणीही येऊ शकतं. २०१५ मध्ये खास अशा अंकुरत्या कल्पनांसाठीच एक मोठा गट निघाला. कल्पना आधी तिथे रुजू द्यायची. दोन-तीन ब्राउझरना रस वाटू लागला की मगच ती कार्यगटाच्या चार्टरपर्यंत येते. वेबअसेंब्ली हे ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम वेगाने चालवण्याचं तंत्र याच वाटेने गेलं. २०१५ मध्ये कम्युनिटी ग्रुप, २०१७ मध्ये चारही प्रमुख ब्राउझरचं एकमत, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्यगट, आणि २०१९ च्या डिसेंबरात मानक. ज्यांचं अजून नक्की नाही अशा कामांसाठी चार्टरमध्ये 'संभाव्य' असा वेगळा रकाना असतो: पुरेशी तयारी झाली आणि एकापेक्षा जास्त ब्राउझरनी तयारी दाखवली, तर घेऊ. रिसेप्शनला बोलावलंय, पण पंगतीचं नक्की नाही, असला हा प्रकार.

चार्टरचा मसुदा तयार झाला की आधी त्याची आडवी तपासणी होते. अपंगांना वापरता येईल का, खासगीपणाचं काय, सुरक्षिततेचं काय, आणि जगातल्या लिप्यांचं काय, हे बघणारे वेगवेगळे गट आहेत. हा शेवटचा प्रश्न आपल्या थेट जिव्हाळ्याचा. मासिकात परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करून तीन ओळींत बसवतात तो नखरा घ्या. इंग्रजीत ते अक्षर खालच्या रेषेला टेकवलं आणि उंची जुळवली की भागतं. देवनागरीत अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं, त्यामुळे मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेत मिळाली पाहिजे. शिवाय 'प्रा' किंवा 'क्षि' यातला एकटा 'प' किंवा 'क' उचलून चालत नाही, अख्खं जोडाक्षर मात्रेसकट उचलावं लागतं. वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या मसुद्यात शिरोरेषेला टांगण्याची ही रीत स्वतंत्रपणे आलेली आहे. असल्या गोष्टी काम संपत आल्यावर आठवल्या तर कुणी ऐकत नाही. चार्टरच्या वेळीच आठवाव्या लागतात.

तपासणी झाली की मसुदा सर्व सदस्य संस्थांकडे जातो, किमान चार आठवड्यांसाठी. प्रत्येक संस्थेचं एक मत. गूगलचंही एकच आणि एखाद्या विद्यापीठाचंही एकच. कुणी रीतसर हरकत घेतली, तर ती मतांच्या बेरजेत बुडवता येत नाही. तिचं लेखी उत्तर द्यावंच लागतं.

आता ज्या प्रकरणामुळे हे सगळं शिकण्याजोगं वाटतं, ते प्रकरण. फेब्रुवारी २०१२ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि नेटफ्लिक्स यांनी एचटीएमएलच्या गटापुढे एक प्रस्ताव ठेवला. तोवर नेटफ्लिक्सचा चित्रपट ब्राउझरमध्ये बघायचा तर मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट नावाचं प्लगइन घालावं लागे. प्लगइनांचे दिवस भरत आले होते. पण स्टुडिओंची अट होती की चित्रपट कुलूपबंदच गेला पाहिजे, म्हणजे डीआरएम हवंच. प्रस्ताव असा की ब्राउझरने कुलूप बनवायचं नाही, फक्त कुलुपाशी बोलण्याची एक ठरलेली रीत ठेवायची. कुलूप ज्याचं त्याने आणावं: गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी, ॲपलचं फेअरप्ले. एचटीएमएलचे तेव्हाचे संपादक इयन हिक्सन यांनी प्रस्ताव अनैतिक आहे असं उघडपणे लिहून टाकलं.

प्रश्न मग चार्टरवर आला. एचटीएमएलच्या गटाचा चार्टर नव्याने व्हायचा होता आणि 'संरक्षित आशय दाखवणं' हा विषय त्यात असावा का, हे ठरायचं होतं. २०१३ च्या मे महिन्यात इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन, म्हणजे ईएफएफ, ही नागरी हक्कांवर काम करणारी अमेरिकी संस्था डब्ल्यूथ्रीसीची सदस्य झाली आणि लगेच या चार्टरवर रीतसर हरकत घेऊन बसली. वापरणाऱ्याला आत डोकावता येणार नाही असा डबा खुल्या वेबच्या मानकात कसा, हा तिचा मुद्दा. बर्नर्स-ली तेव्हा संस्थेचे संचालक, अंतिम शब्द त्यांचा. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निर्णय झाला: विषय व्याप्तीत बसतो.

संस्थेने त्यावर एक बारीक फरक सांगितला. विषय व्याप्तीत घेतला म्हणजे हा विशिष्ट प्रस्ताव मान्य केला असं नव्हे. कागदोपत्री बरोबर आहे. पण प्रत्यक्षात काय घडतं? विषय एकदा आत आला की 'हे करावं का' हा प्रश्न संपतो आणि 'हे कसं करावं' एवढाच उरतो. मेहनत सुरू होते, चाचण्या लिहिल्या जातात, ब्राउझर तो भाग आत घालून मोकळेही होतात. मोझिलाने मे २०१४ मध्ये आपल्या फायरफॉक्समध्ये हे आणत असल्याचं जाहीर केलं, तेही नाराजी न लपवता. वापरणारे दुसऱ्या ब्राउझरकडे जातील, हे कारण.

ईएफएफने मग दुसरी खेळी केली, आणि ती मला हुशारीची वाटते. अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यात असं कलम आहे की मोजके अपवाद सोडले तर कुलूप मोडणंच बेकायदा. सुरक्षेतलं भगदाड शोधणाऱ्या संशोधकालाही त्याची धास्ती. २०१६ च्या सुरुवातीला हे काम करणाऱ्या गटाची मुदत वाढवायची होती. ईएफएफ म्हणाली, वाढवा, पण एक अट घाला: गटात बसणाऱ्या कंपन्यांनी संशोधकांवर या कायद्याखाली खटले न भरण्याचा शब्द द्यावा. पेटंटच्या बाबतीत तुम्ही असाच शब्द घेताच की! पेटंट धोरणाचा साचाच तिने उचलला होता. पण अट चार्टरमध्ये आली नाही. मुदत अटीशिवाय वाढली.

त्यानंतरचं सगळं उताराला लागलेलं होतं. जुलै २०१७ मध्ये बर्नर्स-ली यांनी मानकाला मंजुरी दिली. ईएफएफने अपील केलं. संचालकांच्या निर्णयावर सदस्यांकडे असं अपील संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच होत होतं. साडेचारशेहून जास्त सदस्यांपैकी १८५ जणांनी मत दिलं: १०८ मंजुरीच्या बाजूने, ५७ विरोधात, २० तटस्थ. एरवी एकमताने चालणाऱ्या संस्थेत ५७ विरोधी मतं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण २०१३ मध्ये चार्टरच्या वेळी एवढे हात वर आले असते तर त्यांचं वजन वेगळं पडलं असतं. १८ सप्टेंबर २०१७ रोजी मानक प्रसिद्ध झालं आणि त्याच दिवशी ईएफएफने राजीनामा दिला. आज लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एखादा ओटीटीवरचा चित्रपट बघताना स्क्रीनशॉट घ्यायला जावं आणि चित्राच्या जागी बऱ्याचदा काळा चौकोन यावा, त्यामागे ही पाच वर्षं आहेत.

या सगळ्या प्रकरणात अडचणीची गोष्ट अशी होती की शेवटचा शब्द एकाच माणसाचा. माणूस कितीही मोठा असला तरी. जून २०२३ पासून डब्ल्यूथ्रीसीच्या कार्यपद्धतीत ते बदललं. रीतसर हरकत आली आणि समेट झाला नाही, तर ती आता एका परिषदेपुढे जाते. संस्थेचं सल्लागार मंडळ, तांत्रिक वास्तुरचना पाहणारा गट आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हे मिळून ती बनते, आणि कारणांसह लेखी अहवाल देते. चार्टरवरच्या हरकतींनाही हीच वाट.

त्याच्या एक वर्ष आधीचा एक निवाडा मात्र अजून जुन्या पद्धतीचा, संचालकांच्या नावाने दिलेला होता. विकेंद्रित ओळखीच्या मानकाला, म्हणजे गूगल किंवा फेसबुकच्या खात्यावाचून स्वतःची डिजिटल ओळख बाळगण्याच्या पद्धतीला, गूगल, ॲपल आणि मोझिला या तिघांनीही हरकत घेतली होती. ओळख कशी लिहायची ते या मानकात सांगितलं आहे, पण ती प्रत्यक्ष तपासायची एकही ठरलेली पद्धत त्यात नाही, मग दोन प्रणालींचं एकमेकांशी जुळणार कसं, ही त्यांची तक्रार. ३० जून २०२२ रोजी हरकती फेटाळल्या गेल्या आणि जुलैमध्ये मानक निघालं. पण निवाड्यातच पुढे म्हटलं होतं की गटाने आपल्या पुढच्या कार्यकाळात अशा पद्धतीही तयार करून द्याव्यात आणि त्या एकमेकांशी जुळतात हे दाखवावं. हरकतदारांचे प्रश्न तपासायची योग्य जागा म्हणजे त्या पद्धतींचा आढावा, असंही. हरलेल्या बाजूची मागणी अशी निवाड्याच्याच शिफारशीत जाऊन बसली.